टिरेल पी३४ की ब्रॅबम बीटी४६बी: सखोल अभ्यासासाठी कोणती गाडी निवडावी?

वाहन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या सेमिनारसाठी, किंवा फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या चमूच्या वाचनासाठी, रूढ चाकोरी सोडून आखलेली एखादी शर्यतीची गाडी निवडायची झाली की बहुतेक वेळा दोन नावांपाशी विचार थांबतो. एक सहा चाकांची टिरेल पी३४ आणि दुसरी मागच्या बाजूला मोठा पंखा असलेली ब्रॅबम बीटी४६बी. दोन्ही फॉर्म्युला वनमधल्या, दोन्ही १९७० च्या दशकातल्या आणि दोन्ही ब्रिटिश संघांच्या. दोघींच्या नावावर या स्पर्धेतला प्रत्येकी एकच विजय आहे, आणि तो स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्प या एकाच मार्गावर, दोन वर्षांच्या अंतराने मिळालेला आहे. इतकी साम्ये असल्यामुळे कोणतीही घेतली तरी चालेल असे वाटू शकते. प्रत्यक्षात दोघींचा अभ्यास अगदी वेगळ्या दिशांना नेतो, आणि निवड चुकली तर सेमिनारचा निम्मा वेळ पुराव्याअभावी तर्क करण्यात जातो. म्हणून दोन्ही गाड्यांचे मूळ प्रश्न, त्यांची उत्तरे आणि मैदानावरची कामगिरी शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे.

कोणता प्रश्न सोडवायचा होता

त्या काळात बहुतेक ब्रिटिश संघांकडे कॉसवर्थचे तेच व्ही-८ इंजिन आणि ह्यूलँडचा तोच गिअरबॉक्स असे. इंजिनाच्या ताकदीत फरक पडत नसेल तर फायदा अन्य कुठून काढायचा, हा टिरेल संघाचा प्रश्न होता. लाकडाचे व्यापारी असलेल्या केन टिरेल यांनी आपल्या वखारीच्या आवारातून चालवलेला हा संघ लहान असला तरी जॅकी स्ट्युअर्ट यांच्यासह विश्वविजेतेपदे मिळवून बसला होता. संघाचे रचनाकार डेरेक गार्डनर यांनी लक्ष घातले ते पुढच्या चाकांत. उघड्या चाकांच्या गाडीत फिरणारे पुढचे टायर हवेत उचल, म्हणजे गाडीला वर ढकलणारे बल, निर्माण करतात आणि ती दाबून टाकण्यासाठी पुढच्या पंखाला (विंगला) जास्त काम करावे लागते. नियमानुसार पुढच्या नाकाची रुंदी दीड मीटरपर्यंत ठेवता येत असे. चाके इतकी लहान केली की ती या नाकाच्या मागे झाकली जातील, तर उचल कमी होईल. मात्र लहान टायरचा रस्त्याशी होणारा स्पर्श अपुरा पडतो, म्हणून दोनऐवजी चार चाके. १० इंची रिमची चार पुढची चाके आणि नेहमीच्या आकाराची दोन मागची चाके, असा तो आराखडा होता. सप्टेंबर १९७५ मध्ये लंडनच्या हीथ्रो परिसरातील एका हॉटेलात ही गाडी प्रथम दाखवण्यात आली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी-अहवालात आढळतो. चाके लहान केल्यामुळे समोरून दिसणारे क्षेत्रफळ कमी झाले आणि गाडी सरळ रस्त्यावर वेगवान झाली, असे सांगितले जाते. मागची चाके मात्र पूर्वीइतकीच मोठी होती आणि ती समोरून तशीच दिसत होती. त्यामुळे हवेचा रोध फारसा घटण्याचे कारण नव्हते. खरा लाभ पुढच्या टोकावरची उचल कमी होण्यात आणि ब्रेक लावताना व वळणात शिरताना मिळणाऱ्या पकडीत होता. टायरवरचा भार वाढला की पकडही वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून तोच भार दोनऐवजी चार टायरांवर वाटला तर एकूण पकड वाढू शकते. हा मुद्दा आकडेमोडीने दाखवता येतो आणि पी३४ निवडणाऱ्याने सुरुवात येथूनच करावी.

ब्रॅबमचा प्रश्न याच्या उलट जागेवरून उद्भवला. बर्नी एक्लस्टन यांच्या मालकीच्या या संघाने कॉसवर्थ सोडून अल्फा रोमिओचे आडवे १२ सिलिंडरचे इंजिन घेतले होते. ते शक्तिशाली होते, पण रुंद होते. दरम्यान कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाने गाडीच्या दोन्ही बगलांत उलट्या पंखाच्या आकाराचे बोगदे बसवून तळाखालची हवा वेगाने वाहू दिली आणि त्यातून मिळणाऱ्या कमी दाबाने गाडी रस्त्याला चिकटवली. १९७८ मध्ये लोटस ७९ पुढे इतरांचा निभाव लागेना. अरुंद व्ही-८ च्या बाजूंना बोगद्यांसाठी जागा मिळते. अल्फाच्या इंजिनाची सिलिंडर-टोके नेमकी तीच जागा व्यापून बसली होती. ब्रॅबमचे रचनाकार गॉर्डन मरे यांना लोटसची नक्कल करायची इच्छा असती तरी करता आली नसती.

मरे यांचे उत्तर आजही वाचताना मन थक्क होते. इंजिनाच्या वर आडवा रेडिएटर बसवायचा, इंजिनाभोवतीची व तळाची जागा झालरींनी, म्हणजे रस्त्यापर्यंत पोहोचणाऱ्या कडांच्या पट्ट्यांनी, बंद करायची, आणि मागे एक मोठा पंखा लावून आतली हवा ओढून बाहेर फेकायची. पंख्याला गती गिअरबॉक्समार्फत इंजिनाकडूनच मिळत असे. गाडी उभी असतानाही ॲक्सिलरेटर दाबला की ती सस्पेन्शनवर खाली बसत असे, आणि पाहणाऱ्यांना ते डोळ्यांनी दिसत असे. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. अमेरिकेत जिम हॉल यांच्या चॅपरल २जे या गाडीने १९७० च्या कॅन-ॲम या शर्यतींच्या मालिकेत स्वतंत्र दोन-स्ट्रोक इंजिनावर चालणारे दोन पंखे वापरले होते. ती पात्रता फेऱ्यांत अत्यंत वेगवान ठरली, पण एकही शर्यत न जिंकता त्या हंगामाअखेर बंदीस पात्र झाली.

मैदानावरची कामगिरी

या बाबतीत दोन गाड्यांमधले अंतर सर्वाधिक आहे आणि माझ्या मते निवडीचा निर्णय येथेच व्हायला हवा.

पी३४ मे १९७६ मध्ये स्पेनमधल्या हारामा येथे पॅट्रिक देपाये यांच्या हाती प्रथम शर्यतीत उतरली आणि पात्रता फेरीत तिने तिसरे स्थान मिळवले. शर्यत तिला पूर्ण करता आली नाही. त्या दिवशी संघाचे दुसरे चालक, जोडी शेक्टर, अजून जुन्या ००७ या गाडीत होते. पुढच्याच शर्यतीत, बेल्जियममध्ये, शेक्टर पी३४ मधून चौथे आले. मोनॅकोत शेक्टर दुसरे आणि देपाये तिसरे. त्यानंतर १३ जून १९७६ रोजी अँडरस्टॉर्पला शेक्टर यांनी सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात केली. मारिओ अँद्रेती लोटसमधून आघाडीवर होते, परंतु सुरुवातीच्या इशाऱ्याआधीच गाडी पुढे काढल्याबद्दल त्यांना दंड झाला होता आणि पुढे त्यांचे इंजिनही निकामी झाले. शेक्टर पहिले, देपाये दुसरे, असा निकाल लागला. सहा चाकांच्या दोन गाड्या पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या, आणि हा प्रसंग फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा घडला नाही.

हंगाम संपला तेव्हा शेक्टर ४९ गुणांसह तिसरे आणि देपाये ३९ गुणांसह चौथे होते. संघांच्या क्रमवारीत टिरेल ७१ गुणांसह तिसरी होती, मॅकलारेनच्या ७४ गुणांच्या अगदी जवळ. हंगामाच्या सुरुवातीचे काही गुण जुन्या ००७ चे होते हे खरे, पण मोठा वाटा पी३४ चा होता. निकी लाउडा आणि जेम्स हंट या चालकांच्या झुंजीमुळे १९७६ चा हंगाम प्रसिद्ध आहे आणि त्या गदारोळात या गाडीची सातत्यपूर्ण कामगिरी झाकली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे वर्ष उतरणीचे गेले. शेक्टर वुल्फ संघाकडे गेले. त्यांना ही गाडी कधीच फारशी पटली नव्हती, तर देपाये तिचे खंदे पाठीराखे होते. शेक्टर यांच्या जागी रॉनी पीटरसन आले. त्यांच्यासारख्या असामान्य वेगवान चालकालाही १९७७ मध्ये बेल्जियममधल्या तिसऱ्या क्रमांकापलीकडे जाता आले नाही. देपाये यांनी दक्षिण आफ्रिका व जपान येथे तिसरा आणि कॅनडात दुसरा क्रमांक मिळवला. संघाला वर्षभरात २७ गुण मिळाले.

या घसरणीचे कारण रचनेच्या कागदावर सापडत नाही. १० इंची टायर गुडइयर कंपनी फक्त एका संघासाठी बनवत होती. नेहमीच्या मोठ्या टायरांवर सगळ्या संघांकडून मिळणाऱ्या अनुभवाच्या जोरावर सतत सुधारणा होत राहिल्या. लहान टायर मात्र त्या गतीने सुधारले नाहीत. मागचे टायर पुढे गेले आणि पुढचे मागे राहिले, त्यामुळे गाडीचा तोल बिघडला. पुढची पकड परत मिळवण्यासाठी १९७७ मध्ये पुढच्या चाकांमधले अंतर वाढवले गेले, तेव्हा चाके नाकाच्या आडोशातून बाहेर आली. म्हणजे ज्या लाभासाठी एवढा खटाटोप केला तोच सोडून द्यावा लागला. त्यात गाडी जड झाली होती. लहान चाके त्याच वेगाला अधिक फेरे घेतात, त्यांच्या आत मावणारे ब्रेकही लहान असतात, आणि त्यांची उष्णता घालवण्याचा प्रश्न पहिल्यापासून होताच. गार्डनर संघातून बाहेर पडले. १९७८ साठी मॉरिस फिलिप यांनी चार चाकांची ००८ आखली, आणि देपाये यांनी त्याच वर्षी मोनॅकोत तिच्यातून विजय मिळवला.

एकंदर ३० शर्यती, एक विजय आणि १४ वेळा पहिल्या तिघांत स्थान, असा पी३४ चा हिशेब आहे.

बीटी४६बी चा हिशेब एका ओळीत मांडता येतो: एक शर्यत, एक विजय. १७ जून १९७८ रोजी अँडरस्टॉर्पला निकी लाउडा आणि जॉन वॉटसन या गाड्या घेऊन आले. इतर संघांच्या नजरेपासून दूर ठेवण्यासाठी पंखा कचरापेटीच्या झाकणाने झाकला जात असे. पात्रता फेरीत खरा वेग उघड होऊ नये म्हणून गाड्या भरलेल्या टाक्यांनिशी चालवल्या गेल्या, तरीही वॉटसन दुसरे आणि लाउडा तिसरे आले. पहिली जागा अँद्रेती यांच्या लोटसला मिळाली. शर्यतीत मार्गावर तेल सांडले तेव्हा इतर चालक सांभाळून चालवत होते आणि लाउडा यांची गाडी त्यावरून फारशी न डगमगता जात होती. वॉटसन आणि अँद्रेती दोघेही शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. लाउडा यांनी अ‍ॅरोज संघाच्या रिकार्डो पात्रेसे यांना ३४ सेकंदांहून अधिक अंतराने मागे टाकले.

विरोध आधीच सुरू झाला होता. पंखा दगड आणि धूळ मागच्या चालकांवर फेकतो, अशी तक्रार होती. खरा आक्षेप नियमाचा होता. हलणारी वायुगतिकीय साधने वर्ज्य होती. मरे यांचे म्हणणे असे की पंख्याचे मुख्य काम रेडिएटर थंड करण्याचे आहे आणि खालचा दाब हा त्याचा दुय्यम परिणाम आहे. नियमाच्या शब्दांत हा युक्तिवाद बसत होता. परंतु एक्लस्टन हे संघांच्या संघटनेचे प्रमुख होते आणि प्रतिस्पर्धी संघांशी वैर घेऊन ते पद टिकवणे अवघड होते. गाडी मागे घेण्यात आली आणि नियामक मंडळाने पंख्याचा मार्ग बंद केला. स्वीडनचा निकाल मात्र कायम राहिला. त्या हंगामात लाउडा यांनी इटलीतही विजय मिळवला, पण तो पंखा नसलेल्या बीटी४६ मधून. दोन्ही गाड्यांची गल्लत पुष्कळदा होते, ती अहवालात होऊ देऊ नये.

भौतिकशास्त्राच्या बाजूने

अभ्यासाच्या दृष्टीने ब्रॅबमचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे तिचे तत्त्व बारावीच्या भौतिकशास्त्रातून थेट मांडता येते. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १,०१,००० न्यूटन असतो. गाडीच्या तळाचे झाकलेले क्षेत्रफळ उदाहरणादाखल तीन चौरस मीटर धरले आणि आतला दाब केवळ दोन टक्क्यांनी कमी केला, तर सुमारे ६,००० न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ ६०० किलो वजनाइतका, अधिक भार चाकांवर येतो. त्या काळी फॉर्म्युला वन गाडीचे किमान वजन ५७५ किलो होते. हे आकडे ब्रॅबमचे मोजलेले आकडे नव्हेत, पण इतक्या किरकोळ दाबफरकातून काय साधते हे त्यांवरून कळते. पंख्याच्या पात्यांचा कोन, झालर आणि रस्ता यांमधली फट, त्या फटीतून आत शिरणारी हवा आणि पंख्यासाठी खर्च होणारी शक्ती यांची गणिते त्यापुढे घेता येतात.

दुसरा मुद्दा अधिक रोचक आहे. लोटसच्या बोगद्यांतला दाब गाडीच्या वेगावर अवलंबून होता, म्हणून मंद वळणात तो तुटपुंजा पडे. ब्रॅबमचा दाब इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून होता. त्यामुळे मंद वळणातही पकड मिळे, आणि गाडी घसरू लागली तर पाय उचलण्याऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्याने ती अधिक घट्ट बसे. चालकाच्या वर्षानुवर्षांच्या सवयीच्या विरुद्ध जाणारी ही गोष्ट आहे, आणि यंत्ररचनेचा माणसाच्या वर्तनावर कसा परिणाम होतो याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसऱ्या कुठल्या शर्यतीच्या गाडीत दिसलेले नाही.

पी३४ चे गणित इतके स्वच्छ नाही. चार पुढच्या चाकांची सुकाणू-जोडणी, पुढची जोडी उंचवट्यावर चढली असताना मागच्या जोडीवर बदलणारा भार, दोन जोड्यांमधले ब्रेकचे वाटप, या साऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. चालकाला आपली पुढची चाके दिसावीत म्हणून बैठकीच्या दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या ठेवाव्या लागल्या होत्या, यावरून या रचनेतल्या अडचणी किती अनपेक्षित ठिकाणी उगवत होत्या ते दिसते. ज्याला सस्पेन्शनचे प्रतिमान संगणकावर उभे करण्याची हौस आहे त्याला येथे महिनोन्‌महिने पुरेल एवढे काम आहे. १९७७ मध्ये कार्ल केम्फ या अमेरिकी तज्ज्ञाने टिरेलच्या गाडीवर मोजमापांची नोंद करणारी यंत्रणा बसवून काम केले, त्यामुळे शर्यतीच्या गाड्यांवरील माहितीसंकलनाच्या इतिहासातही या गाडीचे स्थान आहे.

पुढे काय झाले

सहा चाकांचा विचार पी३४ पाशी संपला नाही, पण त्याची दिशा बदलली. मार्च संघाने आणि पुढे विल्यम्स संघाने चार चाके पुढे न ठेवता मागे ठेवली आणि त्या चारही चाकांना इंजिनाची ताकद दिली. विल्यम्सच्या एफडब्ल्यू०८बी ची चाचणी १९८२ मध्ये झाली, परंतु १९८३ च्या नियमांनी फॉर्म्युला वनची गाडी चार चाकांची असावी असे ठरवून टाकले आणि ती शर्यतीत उतरलीच नाही. पी३४ ला मात्र उत्तरायुष्य लाभले. ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींसाठी एव्हॉन कंपनीने तिच्या मापाचे नवे टायर तयार केले, आणि मार्टिन स्ट्रेटन यांनी २००० साली त्या गटातले विजेतेपद पी३४ चालवून मिळवले. योग्य टायर मिळाले असते तर काय झाले असते, या प्रश्नाला यातून काही अंशी उत्तर मिळते. काही अंशी म्हणण्याचे कारण असे की प्रतिस्पर्धी गाड्याही तेव्हा जुन्याच होत्या.

पंख्याची कल्पना मात्र आज अधिक जोमात आहे. गॉर्डन मरे यांनी स्वतःच २०२० मध्ये सादर केलेल्या टी.५० या रस्त्यावरच्या गाडीच्या मागे ४०० मिलिमीटर व्यासाचा पंखा बसवला. मॅकमर्ट्री स्पिअरलिंग या विजेवरच्या गाडीने पंख्यांच्या बळावर २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूडच्या चढणीच्या शर्यतमार्गावर ३९.०८ सेकंदांचा विक्रम केला. झुरिकच्या ईटीएच आणि लुझर्नच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मिथेन’ (Mythen) नावाच्या गाडीने शून्यापासून १०० किलोमीटर प्रतितासाचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला, त्यातही हवा ओढून गाडी जमिनीला खेचणारी यंत्रणा होती. विद्यार्थ्यांनीच हे करून दाखवले, ही गोष्ट आपल्याकडच्या चमूंनी जरूर लक्षात घ्यावी.

मग कोणती निवडायची

वेळ थोडा असेल, सादरीकरण पंधरा-वीस मिनिटांचे असेल आणि श्रोत्यांत इतर शाखांचे विद्यार्थी असतील, तर ब्रॅबम घ्यावी. तिचा प्रश्न, उत्तर आणि शेवट तेवढ्या वेळात नीट मांडता येतो, शिवाय आजच्या विजेवरच्या गाड्यांशी तिचे नाते जोडता येते. मात्र कामगिरीच्या आधारे निष्कर्ष काढायचा मोह टाळावा. एका मार्गावरच्या एका शर्यतीतून, तीही मुख्य प्रतिस्पर्धी बाद झालेला असताना, ही गाडी वर्षभर अजिंक्य राहिली असती असे सिद्ध होत नाही. मोनॅकोच्या वळणांत ती कशी चालली असती, पंख्याची यंत्रणा सोळा शर्यती टिकली असती का, हे तपासण्याची संधीच कोणाला मिळाली नाही.

सत्रभराचा प्रकल्प असेल तर मी निःसंशय पी३४ सुचवेन. दोन हंगामांचे निकाल, तीन वेगवेगळ्या स्वभावांचे चालक, पहिल्या वर्षीची आणि दुसऱ्या वर्षीची अशा दोन बदलत्या रचना, आणि शिवाय २००० सालची ती पुनर्परीक्षा, एवढी सामग्री हाताशी असताना एखादे गृहीतक मांडून ते खरोखर तपासता येते. उदाहरणार्थ, खाचखळग्यांच्या मार्गांवर ही गाडी कमी पडत होती का, हे मार्गनिहाय निकाल मांडून पाहता येईल. १९७६ आणि १९७७ मध्ये एकाच मार्गावर देपाये यांनी पात्रता फेरीत नोंदवलेल्या वेळा इतर संघांच्या वेळांशी ताडून टायरांचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न करता येईल. चालक तोच ठेवून केलेली अशी तुलना ब्रॅबमच्या बाबतीत शक्यच नाही.

जे स्वतः गाडी बांधत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक बाजू आहे. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत चार चाकांची अट असते, म्हणून पी३४ ची चाके कोणी उचलू शकणार नाही. पण तिची खरी अडचण प्रत्येक चमूसमोर उभी राहतेच: ज्या सुट्या भागाचा पुरवठादार एकच आहे आणि त्या भागाचे गिऱ्हाईकही आपण एकटेच आहोत, त्यावर सगळी रचना बेतायची का? पंखा बसवण्याचा विचार असेल तर ज्या वर्षी ज्या स्पर्धेत उतरायचे त्या वर्षाची नियमावली मूळ शब्दांत वाचावी, शंकेचे कलम आयोजकांना लेखी विचारावे आणि उत्तर हाती आल्यावरच झालरीचे साहित्य मागवावे.